कोंबडी, वांगी आणि वच्छलाकाकूची मोटर

जुनी गाडी घेणाऱ्या माणसाला वाटतं, आपण गाडी घेतली. अजिबात नाही! आपण घेतो ते किस्से. गाडी त्यांच्यावर फुकट मिळते, आणि तीही अर्धीच.

माझं वऱ्हाडातल्या मालेगावात वाशीम रोडला मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की लोक माझ्याकडे आणतात, मी आत नवी तांब्याची तार भरून परत देतो. दुकानात दोन गोष्टी कायम जमा असतात, जळलेल्या मोटारी आणि रिकामी माणसं. मोटारी निदान आठ दिवसांत आपल्या घरी जातात! माणसांपैकी दोन कायमची. एक गजू. गावाला लागून तीन एकर भाजीपाला, त्यात दोन एकर नुसती वांगी, आणि जगातल्या कोणत्याही विषयावर सल्ला तयार. दुसरे शकीलभाई, शेजारचे डेंटर. ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करतात, पण स्वतः सरळ बोलतील तर शपथ.

तर यंदा आम्ही तिघांनी मिळून एक सडलेली मोटरगाडी उभी केली. कशी केली म्हणून लोक विचारतात. एका दमात सांगता येत नाही. तुकड्या-तुकड्यानं ऐका, गाडीही तशीच जमली.

*

आसेगावच्या वच्छलाकाकूंची बोअरची मोटर जळली म्हणून मी ती काढायला गेलो होतो. काकू ऐंशीला टेकलेल्या, एकट्या राहतात, मुलगा संजय नागपूरला. मोटर काढून हात धुवायला गोठ्याकडे गेलो, तर कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगाखालून एक गोल हेडलाइट माझ्याकडे बघतोय!

कुटार बाजूला केलं. खाली गाडी. जुन्या काळची, छोटी, गोल पाठीची. पुढे बाकड्यासारखी एकच लांब सीट, गेअरचा दांडा स्टेअरिंगला. कंपनीच्या नावाची पट्टी कधीच गळून पडलेली. गंज एवढा, की हात लावला तर हाताला गाडी लागायची. आपलं तर काळीजच गेलं!

"काकू, इकता का?"

"पैसे कोन मांगून राह्यलं तुले? माही बोअरची मोटर भरून दे अन् हे घेऊन जा. पन माही एक अट हाय."

"कोनती?"

काकूंनी पदर सारखा केला. "माह्या मालकानं हे गाडी आनली तवापासून मी मांगेच बसली. समोर कवा सासरा, कवा सरपंच, कवा पाव्हना. मी आपली मांगे, पोत्याजवळ. दिवाई झाली का संजू मले नागपूरले घेऊन चालला, कायमचं. त्याच्या आधी मले समोर बसून माहेरी जायाचं हाय. अनसिंगले, भावाकडे. एकदा. मंग माहं काई म्हननं नाई."

मी म्हटलं, बस्स? एवढंच? दिली जबान!

दुसऱ्याच दिवशी गजूचा ट्रॅक्टर, दोर, शकीलभाई, सगळी वरात घेऊन आसेगावला हजर. काकू गोठ्याच्या दारातच आडव्या.

"आज नाई नेता येत."

"काहून?"

"मांगच्या शीटावर कोंबडी खुडूक बसली हाय. नऊ दिवस झाले. पिल्लं निघू दे, मंग ने."

मी समजावलं, गजूनं समजावलं. कोंबडीला टोपलीत ठेवू म्हटलं, तर काकू म्हणाल्या, तुले ठेवू का टोपल्यात? शेवटी आम्ही ट्रॅक्टर वळवला. बारा दिवसांनी परत आलो तेव्हा अकरा पिल्लं झाली होती आणि माझ्या प्रोजेक्टला पहिला उशीर.

शकीलभाई तेवढं बोलले, "भाई, गाडी बाद में. पहले सवारी उतरने दो!"

*

ओढून आणायच्या दिवशी ट्रॅक्टरवर मी आणि मागे दोरानं बांधलेल्या गाडीत स्टेअरिंगवर गजू. गाडीला ब्रेक नव्हते. "हळू चालवतो, तू फक्त सरळ धर," एवढंच मी त्याला सांगून ठेवलेलं.

वाशीमच्या अलीकडे एक म्हशींचा कळप आडवा आला. मी करकचून ट्रॅक्टर थांबवला आणि डोळे मिटून घेतले. आता गाडी मागून ट्रॅक्टरवर आदळणार, गजूचं काही खरं नाही.

काहीच आवाज नाही. मागे वळून पाहिलं, तर गाडी हातभर अंतरावर उभी आणि गजू आत घामाघूम. खाली वाकून बघतो तर काय, गाडीला तळच नाही! पत्रा सडून वाटेत कुठेतरी गळून पडला होता, आणि पठ्ठ्यानं दोन्ही पाय सरळ डांबरी रस्त्यावर रोवून गाडी थांबवली होती.

"लागलं का रे?" मी धावत गेलो.

गजूनं घासून पातळ झालेली चप्पल वर करून दाखवली. "नाई ना भाऊ. बिरेक मस्त लागते. फक्त मईन्याले जोड बदलवा लागन!"

*

आता घरचं ऐका. धंदा मोटर दुरुस्तीचा, पण आमच्या घरच्या विहिरीवरची मोटर दीड महिन्यापासून जळून पडलेली. माझी बायको सुनीता रोज दोरानं पाणी शेंदायची आणि प्रत्येक बादलीमागे मला एक शब्द ऐकवायची. बरोबरच होतं तिचं, पण गिऱ्हाइकाचं काम सोडून स्वतःचं करायला हात वळत नाही, हा या धंद्याचा शापच आहे.

त्या दिवशी वाटेतून मी आनंदाच्या भरात तिला फोन केला. "सुनीता, मोटर घेऊन येऊन राह्यलो बरं का!"

"काय सांगता! खरंच?"

"मंग! जुनी हाय, पन अशी बनवतो का पाहत राहशीन!"

घरी पोचलो तर विहिरीवर सगळी तयारी. पाइप धुतलेला, वायर काढून ठेवलेली, शेजारच्या दोघी-तिघी बघायला आलेल्या, मोटारीला लावायला हळद-कुंकू. आणि फाटकातून आत आली ती ही, बिनतळाची, कोंबडीची पिसं उडवत!

सुनीता तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारून आली. मला ओलांडून ती थेट गजूकडे गेली. गजूला म्हणाली, "भाऊजी, सोडा हिले विहिरीत. यायनं मोटर आनली म्हन्ले!"

घरची मोटर मी त्याच संध्याकाळी भरली. गाडीला हात लावायची परवानगी तिसऱ्या दिवशी मिळाली.

*

शकीलभाईंनी पहिल्यांदा गाडी तपासली तो देखावा बघण्यासारखा होता. हातोडी घेऊन डॉक्टरसारखे ठक ठक करत फिरले. दारावर ठक केलं की हातोडी आत. डिकीवर ठक केलं की डिकीचा तुकडा खाली. बारा ठिकाणी ठोकलं, बारा भोकं.

मी धीर करून विचारलं, "भाई, जंग जादा लगा है क्या?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली, बिडी पेटवली. "विलासभाऊ, गाडी को जंग नहीं लगा. जंग को थोडीसी गाडी लगी है!"

पण माणूस जिद्दी. तळाला पत्रा पाहिजे म्हणून त्यांनी आपल्या घरचा जुना कूलर फोडला. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर म्हणजे घरातला माणूसच, पण भाभींचा विरोध मोडून काढला. कूलरचा पत्रा कापून, वेल्डिंग करून गाडीला नवीन तळ बसवला. गडबडीत एका बाजूला कूलरची जाळीवाली भिंतच लागली, खालून वारा यायला लागला. मी कटकट केली. माझं डोकं लवकर तापतं, मोटारींची संगत!

शकीलभाई शांतपणे म्हणाले, "एसी गाडी के लोग लाख रुपये जादा देते है. तुमको फुकट में लगाके दिया, तो गुस्सा?"

*

मधल्या काळात काकूंचा दर सोमवारी फोन. मोबाइल त्या कानाला लावत नाहीत, तोंडासमोर धरतात आणि ओरडतात.

"बनली का रे इलास?"

"होऊन राह्यली काकू!"

"माह्या भावाले सांगून ठेवलं हाय बरं. भाऊबीजेले येतो म्हन्लं, समोर बसून. त्यानं गावभर सांगतलं!"

फोन ठेवला की मी कॅलेंडर बघायचो. जबान देताना तोंडाला काही लागत नाही. गणपती बसले तरी गाडीला इंजिन नव्हतं, ते दुकानाच्या कोपऱ्यात सुटं पडलेलं. त्यात दाराचं एक हँडल तुटकं, आणि काकूंच्या बाजूचंच, पुढचं डावं. काकूंनी दार कुठून उघडायचं?

गजू म्हणाला, "सॅम्पल दे, अकोल्यातून आनतो." जुन्या पार्टच्या बाजारात त्याची ओळख म्हणे. मी उजव्या दाराचं धडकं हँडल काढून त्याच्याजवळ दिलं. संध्याकाळी हात हलवत परत. "भाऊ, साऱ्या बाजारात असा पीस नाई."

"अन् सॅम्पल?"

सॅम्पल तो कुठल्यातरी काउंटरवर विसरून आला होता! आता एकाचे दोन झाले. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आठ दिवसांनी स्वतः अकोल्याला गेलो. वीस दुकानं पालथी घातली. एकविसाव्या दुकानदारानं आधी मान हलवली, मग आवाज खाली आणून म्हणाला, "एकच पीस हाय. ओरिजनल. कालच एकानं मांगतला होता, देल्ला नाई." त्यानं मळक्या फडक्यातून हँडल काढलं. तेच! हुबेहूब! मी घासाघीस न करता घेतलं, वरून त्याला चहा पाजला.

दुकानात येऊन सगळ्यांना दाखवलं. सुनीता डबा घेऊन आली होती, तिनंही हातात घेतलं. उलटं करून पाहिलं आणि हसत सुटली. थांबेचना.

"अवं, काय झालं?"

तिनं हँडलची आतली बाजू माझ्यापुढे धरली. त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. उजवं-डावं ओळखू यावं म्हणून तिनंच लावलेला.

गजू अजूनही म्हणतो, "पन मी बोल्लो होतो ना, अख्ख्या बाजारात तसा दुसरा पीस नाई!"

*

रंगाचा किस्सा तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाडीचा मूळ रंग कोणता, हेच कळेना. गंजाखाली एक थर, त्याखाली दुसरा. मी म्हटलं, काकूंनाच विचारू.

काकू फोनवर ओरडल्या, "वांग्याचा!"

झालं. वांगं म्हटल्यावर गजू ताठ बसला. हा त्याचा विषय! "भाऊ, वांगं म्हंजे कोनतं? हिरवं भरताचं? जांभळं? काटेरी? पांढऱ्या रेघीचं? वांग्यात सतरा रंग हाय." असं म्हणून पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी पाच प्रकारची वांगी पिशवीत घालून मोटरसायकलवर आसेगावला गेला. काकू ज्यावर बोट ठेवतील ते वांगं परत आणायचं, ते पेंटरला दाखवायचं, तसाच रंग मारायचा. एकदम सायंटिफिक!

चार वाजता परत आला. पिशवी रिकामी, चेहरा तृप्त.

"सांगतला का रंग?"

"सांगतला ना. बरोब्बर एक वांगं काढलं काकूनं. हेच म्हने."

"मंग कुठी हाय ते?"

गजू जमिनीकडे बघायला लागला. "जेवल्याशिवाय जाऊ नोको म्हने. चुलीत भाजलं, भरीत केलं. पाचही."

"अबे, रंग कोनता होता पन?"

"आता रंग नाई आठवत भाऊ," गजू म्हणाला, "पन चव अजून जिभेवर हाय!"

शेवटी जांभळा मारला. काकूंनी पाहिल्यावर काही तक्रार केली नाही.

*

दसऱ्याला इंजिन बसलं. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची, मशिनींची पूजा, म्हणून तोच मुहूर्त धरला. रस्त्यावर ही गर्दी! झेंडूचा हार, नारळ, पुढच्या दोन्ही चाकांसमोर लिंबू. गाडी पुढे गेली की लिंबू चिरडायचं, नजर उतरली.

मी चावी फिरवली. खर्र खर्र केलं आणि चक्क चालू! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ऐटीत पहिला गेअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी सुळकन मागे! मागे गजूची भाजीची हातगाडी. टमाटे रस्ताभर.

स्टेअरिंगच्या दांड्यापासून गेअरबॉक्सपर्यंतचे जोड मी उलटे लावले होते. पहिला टाकला की रिव्हर्स, रिव्हर्स टाकला की पहिला. पुढे चाकांजवळची दोन्ही लिंबं जशीच्या तशी.

गजू टमाटे वेचता वेचता म्हणाला, "भाऊ, लिंबं मांगे ठेवाले पायजे होती!"

*

इथून पुढे हसू नका, कारण मी हसत नव्हतो. गेअरचे जोड सरळ केले, पण गाडी चालू राहीना. शंभर फूट जायची, खोकायची, बंद. दिवाळीला आठ दिवस उरले, मग पाच. कार्बोरेटर चारदा खोलला, पेट्रोलची नळी बदलली, प्लग बदलले. तीच गत. वाशीमहून एक मेकॅनिक आणला, तोही डोकं खाजवून गेला.

त्या दुपारी माझा पारा चढला. पाना फेकला, नव्या रंगाच्या दाराला लाथ मारली. "टाका भंगारात! नाई होत माह्यानं!"

शकीलभाईंनी पाना उचलून फडक्यानं पुसला. गजू दारावरचा लाथेचा डाग बाहीनं घासायला लागला.

सुनीता डबा घेऊन उभी होती. चार महिने टोमणे मारणारी बाई, मला वाटलं आता ही खूश होईल. ती म्हणाली, "बरं. मंग काकूले फोन तुमी लावा. मी नाई लावत. ते बिचारी भावाले सांगून बसली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. फोन हातात घेऊन नुसता बसलो.

सुनीतानं डबा ठेवला आणि उघड्या कार्बोरेटरमध्ये डोकावली. "ह्या एवढ्याशा भोकातून पेट्रोल येते? सुईच्या नेढ्यापेक्षा बारीक हाय की. कचरा बसला असन."

"हवा मारली ना चार वेळा!"

"हवेनं काय होते? माहा गॅस असा अटकला का मी पिन घालतो." तिनं माझ्या टेबलावरून वायंडिंगची सगळ्यात बारीक तार तोडली आणि त्या भोकात घातली. आतून काय निघालं असेल? कुटाराची एक काडी! केसाएवढी. टाकीच्या तळातून येऊन तिथे अडकलेली.

गाडी वाशीमपर्यंत गेली आणि परत आली. मी आयुष्यभर मोटारींत तार भरतो, पण ती तार कुठे घालायची ते बायकोनं दाखवलं. त्या दिवसापासून ती दुकानात आली की मी उठून खुर्ची देतो, आणि मला त्यात बरं वाटतं.

*

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं आसेगावला. गाडी अशी चमकत होती की शकीलभाई तिच्यात बघून दाढी नीट करत होते. पुढच्या सीटवर डाव्या बाजूला सुनीतानं शिवून दिलेली गादी, पाठीला उशी, दाराला झेंडूचा हार. खास काकूंसाठी.

अंगणात नागपूरहून आलेला संजय उभा. त्याची मोठी पांढरी गाडी बाजूला. "विलासभाऊ, कशाला त्रास घेतला? मी आईला एसीत सोडलं असतं ना." मी न ऐकल्यासारखं केलं.

काकू बाहेर आल्या. नवं लुगडं, हातात ओवाळणीचं ताट झाकलेलं, पायात मुलाचे असावेत असे बूट. मला हसू आलं, पण दाबलं. त्यांनी गाडीवरून हळू हात फिरवला, पुढून मागेपर्यंत.

डाव्या दाराला हँडल नव्हतंच, मी खिडकीतून हात घालून ते आतून उघडलं आणि वाकलो. "या काकू. बसा समोर!"

काकूंनी गादीकडे पाहिलं. उशीकडे पाहिलं.

"इथी?"

"मंग! समोरच म्हन्लं होतं ना तुमी?"

"इथी त सासरा बसे."

ताट त्यांनी संजयच्या हातात दिलं. बोनेटला वळसा घातला, उजव्या बाजूला आल्या, ते नेलपॉलिशवालं हँडल ओढून दार उघडलं आणि लुगड्याचा सोगा कमरेला खोचला. मग माझ्याकडे वळल्या. मी अजून तसाच वाकलेला.

"चावी आन."

"काकू?"

"समोर म्हंजे समोर. आन चावी अन् सरक तिकडे, गादीवर बस तू."

मी चावी दिली. काय करणार? गादीवर जाऊन बसलो. गजू आणि शकीलभाई मागच्या सीटवर शिरले. काकूंनी बूट क्लचवर दाबला, दांडा न बघता खाली ओढला, हँडब्रेक सोडला. गाडी एकही झटका न खाता अंगणातून निघाली, गल्लीत वळली आणि दुसऱ्या गेअरला लागली.

संजय ताट सांभाळत, अनवाणी, खिडकीला धरून सोबत पळत होता. "आई! आई, थांब! तू गाडी चालवाले शिकली कवा?"

काकूंनी हॉर्न दिला. समोरून आडवी आलेली बकरी बाजूला झाली. मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ताट घेऊन मांगे बस लवकर! तीस वरीस मी का मांगे झोपून होती?"